सरासरीचा माणूस आणि विम्याचे यंत्र

एडमंड हॅले हे नाव घेतले की आपल्याला धूमकेतू आठवतो. १९८६ साली तो सूर्याजवळ येऊन गेला आणि २०६१ साली पुन्हा येईल, हे पुष्कळांना पाठ असते. परंतु याच हॅलेने १६९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक अगदी निराळाच निबंध प्रसिद्ध केला होता. ब्रेस्लाऊ या शहरातील (आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे) एका धर्मगुरूने जन्ममृत्यूंच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या होत्या. त्या नोंदींवरून हॅलेने एक कोष्टक तयार केले. कोणत्या वयाची किती माणसे पुढील वर्षापर्यंत जगतात, हे त्या कोष्टकावरून कळे. ज्याला आयुष्यभर वार्षिक रक्कम हवी आहे, त्याने तिच्यासाठी किती किंमत मोजावी हे त्याच्या वयावर अवलंबून असले पाहिजे, असे हॅलेने त्यावरून दाखवून दिले. आजचा विम्याचा सारा व्यवसाय अशाच कोष्टकांवर उभा आहे.

विम्यामागचे गणित साधे आहे. एक नाणे १०० वेळा उडवले तर छाप सुमारे ५० वेळा पडतो आणि त्यात पाचाएकचा फरक सहज पडतो. म्हणजे अपेक्षेच्या १० टक्के. तेच नाणे १०,००० वेळा उडवले तर अपेक्षा ५,००० ची आणि फरक पन्नासाएकचा. म्हणजे अवघा १ टक्का. समूह जितका मोठा, तितका सरासरीचा अंदाज भरवशाचा. गावातील एखादा माणूस यंदा आजारी पडेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण दहा लाख माणसांच्या आजारपणाला किती खर्च येईल, हे बऱ्याच अचूकतेने सांगता येते. म्हणूनच प्रत्येकाकडून ठरावीक हप्ता घेऊन ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचा खर्च भागवणे शक्य होते.

हाच प्रकार आपण पदार्थविज्ञानात पाहतो. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे असते. आठ दिवसांनी निम्मे अणू उरतील, सोळा दिवसांनी पाव भाग उरेल, हे निश्चित. पण समोरचा एखादा अणू कधी फुटेल, असे विचाराल तर उत्तर नाही. तो पुढच्या सेकंदाला फुटेल किंवा महिनाभर तसाच राहील. आठ दिवस हा त्या एकट्या अणूचा गुणधर्म नव्हेच. तो समुदायाचा हिशेब आहे. आणि अणू तर सारे एकसारखे असतात. माणसे तशीही नसतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आरोग्यविमा कंपन्यांविरुद्ध जो लोकक्षोभ उसळला आहे, त्याच्या मुळाशी हीच गफलत असल्याचे दिसते. समुदायाचा हिशेब एकट्या रुग्णाला लावला जात आहे आणि तो लावण्याचे काम आता संगणक करीत आहे, अशी लोकांची तक्रार आहे.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ साली ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना सुरू झाली. आज तिच्यातील निम्म्याहून अधिक वृद्धांनी ‘मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज’ नावाचा पर्याय घेतला आहे. यात सरकार दर माणशी ठरावीक रक्कम खासगी विमा कंपनीला देते आणि उपचारांचा खर्च कंपनी करते. खर्च वाढला तर तोटा कंपनीचा, वाचला तर लाभही कंपनीचा. महागड्या उपचारांना कंपनीची पूर्वपरवानगी लागते. समजा, एखाद्या आजीबाईंचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना काही दिवस शुश्रूषागृहात राहून चालण्याचा सराव करावा लागतो. किती दिवस? येथे संगणकाचा प्रवेश होतो.

‘नेव्हीहेल्थ’ नावाच्या कंपनीने ‘एनएच प्रेडिक्ट’ नावाची एक आज्ञावली वापरात आणली. ही कंपनी २०२० साली ‘युनायटेडहेल्थ’ या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या आरोग्यविमा उद्योगसमूहाने विकत घेतली. रुग्णाचे वय, त्याचा आजार, तो घरी एकटा राहतो की कुटुंबात, त्याला स्वतःहून काय काय करता येते, अशी माहिती आज्ञावलीला पुरवायची. ती सुमारे ६० लाख जुन्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहते आणि या रुग्णाला किती दिवस लागतील याचा अंदाज देते. ‘स्टॅट’ या वैद्यकीय वृत्तसंस्थेने २०२३ साली याविषयी एक लेखमाला प्रसिद्ध केली. तीत दिलेल्या एका वृद्धेच्या प्रकरणात हा अंदाज १६.६ दिवस असा निघाला होता, आणि सतराव्या दिवशी विमा कंपनीने पैसे थांबवले. त्या बाईंना अजून मदतीवाचून वॉकरही ढकलता येत नव्हता. पुढे न्यायाधीशाने निकाल त्यांच्या बाजूने दिला खरा, पण त्याला वर्षाहून अधिक काळ लागला आणि दरम्यान त्यांची शिल्लक संपली होती.

१६.६ हा आकडा पाहून प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या कपाळाला आठी पडेल. ज्या मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत तिच्याने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला, असे विद्यार्थ्याने प्रयोगवहीत लिहिले तर आपण तांबडी रेघ ओढतो. येथे दशांश चिन्हापुढे आकडा आहे, पण त्याच्या शेजारी ‘अधिक-उणे इतके’ हे लिहिलेलेच नाही. पुढील बातमी आणखी चमत्कारिक आहे. रुग्णांचा मुक्काम यंत्राच्या अंदाजाच्या १ टक्क्याच्या आत ठेवावा, असे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांना दिले होते, असे त्याच वृत्तसंस्थेने नंतर प्रसिद्ध केले. सतरा दिवसांचा १ टक्का म्हणजे सुमारे चार तास! म्हाताऱ्या माणसाचे हाड चार तासांच्या अचूकतेने जुळून येते असे मानणारा डॉक्टर कोठेही सापडणार नाही.

अंदाज आणि मर्यादा

आता आपण एक छोटा हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत, पण त्यातून निघणारी गोष्ट काल्पनिक नाही. समजा, सारखेच दिसणारे नऊ रुग्ण आहेत आणि त्यांना बरे व्हायला अनुक्रमे ९, ११, १२, १४, १५, १८, २२, २७ आणि ४३ दिवस लागतात. बेरीज १७१, म्हणून सरासरी बरोबर १९ दिवस. आपले यंत्र अत्यंत प्रामाणिक आहे. ते कोणाचा पक्षपात करीत नाही आणि १९ हाच आकडा सांगते. अंदाज म्हणून तो उत्तम आहे: शुश्रूषागृहात किती खाटा लागतील, किती पैसा बाजूला ठेवावा, हे त्यावरून नेमके कळते.

हाच आकडा आता मर्यादा म्हणून वापरा. एकोणिसाव्या दिवसानंतर पैसे बंद. पहिले सहा रुग्ण त्याआधीच घरी गेलेले असतात. त्यांचे न वापरलेले दिवस कोणाला मिळत नाहीत. उरलेल्या तिघांचे ३, ८ आणि २४, म्हणजे एकूण ३५ दिवस कापले जातात. कंपनीला १७१ ऐवजी १३६ दिवसांचेच पैसे द्यावे लागतात. एक पंचमांश खर्च वाचला, आणि तोही एक आकडा खोटा न सांगता. यंत्र चुकले काय? नाही. चूक झाली ती अंदाजाला मर्यादा समजण्यात. आणि ज्यांचे दिवस कापले गेले ते तिघे सर्वांत अधिक आजारी होते, हेही ध्यानात घ्यावे. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे १५ दिवस, ही मर्यादा ठेवली असती तर नवांपैकी चौघे तीत सापडले असते.

हिशेब येथे संपत नाही. पुढील वर्षी यंत्राला ताज्या नोंदींवरून पुन्हा शिकवायचे ठरले. नोंदवहीत आता काय आहे? ९, ११, १२, १४, १५, १८, १९, १९, १९. सरासरी सुमारे १५. नवी मर्यादा १५ ठेवली तर त्यापुढील वर्षीची सरासरी सुमारे साडेतेरा निघते, आणि तेरा दिवसांची मर्यादा लावल्यावर बारांवर येते. रुग्ण तेच, हाडे तीच, पण तीन वर्षांत ‘लागणारे दिवस’ १९ वरून १२ वर आले. यंत्र रुग्णांकडून काही शिकत नव्हते. ते स्वतःच काढलेले हुकूम पुन्हा वाचत होते. प्रत्यक्षातील आज्ञावल्या कंपन्यांची खासगी मालमत्ता असल्याने त्यांच्यात असे घडते की नाही हे बाहेरच्या कोणाला तपासता येत नाही. माझ्या मते, खरी अडचण येथेच आहे. जो प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येत नाही, त्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवा असे विज्ञान कधी सांगत नाही.

शिवाय मूळ नोंदी तरी कितपत निर्मळ असतात? मेडिकेअरचा जुना नियम असा की, शुश्रूषागृहातील पहिल्या २० दिवसांचा सारा खर्च योजना करते आणि २१ व्या दिवसापासून शंभराव्या दिवसापर्यंत रुग्णाला रोजचा काही वाटा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. संशोधकांना असे आढळले की, बरोबर विसाव्या दिवशी घरी जाणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. विसाव्या दिवशी हाडांना काही साक्षात्कार होतो असे नाही. एकविसाव्या दिवशी बिल येते. पण यंत्राला बिल दिसत नाही. त्याला दिसते ते इतकेच की, माणसे वीस दिवसांत बरी होतात.

अशाच एका गफलतीचा उत्तम अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. झियाद ओबरमायर आणि मूळचे भारतीय असलेले सेंधिल मुल्लैनाथन हे त्याच्या लेखकांपैकी होत. कोणत्या रुग्णांकडे अधिक लक्ष पुरवावे हे ठरवणारी, अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक आज्ञावली त्यांनी तपासली. तिच्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. तरीही तिने सारखेच गुण दिलेल्या दोन रुग्णांपैकी कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णापेक्षा अधिक आजारी असे. याचे कारण असे की, ‘कोण अधिक आजारी आहे’ हे नोंदींत सापडत नाही, म्हणून आज्ञावलीला ‘कोणावर अधिक खर्च होईल’ हे ओळखायला शिकवले होते. ज्यांना दवाखाना सहज गाठता येत नाही त्यांच्यावर खर्च कमी होतो, म्हणून ते यंत्राला धडधाकट वाटले. हा दोष काढला तर अधिक मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा लेखकांचा हिशेब होता. तापमान मोजायचे असताना दाबमापक लावला आणि काटा हलतो आहे म्हणून समाधान मानले, असा हा प्रकार.

एक सेकंद आणि एक पंचमांश

सगळ्याच तक्रारी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘सिग्ना’ या दुसऱ्या मोठ्या कंपनीविषयी ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०२३ साली बातमी दिली. कंपनीच्या डॉक्टरांनी २०२२ सालातील दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे नामंजूर केले आणि प्रत्येकाला सरासरी १.२ सेकंद दिले, असे तीत म्हटले होते. गुणाकार करून पाहा: तीन लाख गुणिले १.२ म्हणजे ३,६०,००० सेकंद, म्हणजे सारे मिळून केवळ १०० तास. कंपनीचे म्हणणे असे की, ही कृत्रिम बुद्धिमत्ता नसून साधी छाननी आहे. ते खरे असू शकेल. निदानाचा सांकेतिक क्रमांक आणि तपासणीचा सांकेतिक क्रमांक यादीप्रमाणे जुळतात की नाही, हे पाहायला बुद्धिमत्ता लागतच नाही. पण मग खाली डॉक्टरची सही कशासाठी, हा प्रश्न उरतो. १.२ सेकंदात रुग्णाचे नावही नीट वाचून होत नाही.

आता लोक ज्या आकड्यांनी चिडतात तेही आकडे आपण तपासून पाहू. क्षोभ खरा असला म्हणून त्यातील प्रत्येक आकडा खरा ठरत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये युनायटेडहेल्थविरुद्ध मिनेसोटा राज्यातील केंद्रीय न्यायालयात खटला दाखल झाला. एनएच प्रेडिक्ट १०० पैकी ९० वेळा चुकते, असा आरोप त्यात आहे आणि तो सर्वत्र उद्धृत होतो. हा आकडा आला कोठून? नामंजुरीविरुद्ध ज्यांनी दाद मागितली त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांचे म्हणणे मान्य झाले, यावरून. पण त्याच तक्रारीत असेही म्हटले आहे की, दाद मागणारे हजारात केवळ दोन असतात. जे भांडायला निघाले त्यांची बाजू मुळातच बळकट असणार. हजारातील दोघांवरून उरलेल्या ९९८ जणांविषयी ९० टक्के हा आकडा काढणे, म्हणजे उत्तरपत्रिका फेरतपासणीला पाठवणाऱ्या मुलांवरून साऱ्या बोर्डाच्या तपासणीतील चुका मोजण्यासारखे आहे. कंपनीचे म्हणणे असे की, ही आज्ञावली निर्णय घेण्यासाठी वापरली जात नाही, ती केवळ मार्गदर्शक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी खटल्यातील काही मुद्दे काढून टाकले. परंतु कराराचा भंग झाला, या मुद्द्यावर खटला पुढे चालवण्यास परवानगी दिली.

त्याहून भक्कम आकडे ‘केएफएफ’ या आरोग्यविषयक अभ्याससंस्थेने सरकारी नोंदींवरून काढले आहेत. २०२३ साली मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज कंपन्यांकडे पूर्वपरवानगीचे जवळजवळ ५ कोटी अर्ज आले. त्यांपैकी ३२ लाख पूर्णतः किंवा अंशतः नामंजूर झाले. त्यांतील ११.७ टक्के, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास प्रकरणांत फेरविचार मागितला गेला आणि त्यांपैकी ८१.७ टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ६ हजार प्रकरणांत कंपनीने आपला निर्णय बदलला. यावरून काय म्हणता येईल? ३२ लाखांतील निदान दहा टक्क्यांच्या जवळपास नामंजुऱ्या टिकल्या नाहीत, इतके निश्चित. उरलेल्या २८ लाखांचे काय, हे या आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही, कंपनीलाही नाही. कारण त्या पुन्हा कोणी उघडून पाहिल्याच नाहीत. अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जे आकडे दिले, तेही बोलके आहेत. रुग्णालयानंतरच्या शुश्रूषेसाठीच्या अर्जांत युनायटेडहेल्थकेअरचे नामंजुरीचे प्रमाण २०२० साली १०.९ टक्के होते, ते २०२२ साली २२.७ टक्के झाले. दोन वर्षांत अमेरिकेतील वृद्धांची हाडे दुप्पट वेगाने जुळू लागली असतील असे वाटत नाही.

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी युनायटेडहेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्प्सन यांचा न्यूयॉर्कमध्ये भर रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. काडतुसांच्या पुंगळ्यांवर ‘लांबवा’, ‘नाकारा’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले सापडले. त्यानंतर जे घडले त्याने अमेरिकेतील विचारी माणसे हादरली. दोन मुलांचा बाप असलेल्या माणसाच्या मृत्यूवर हजारो लोकांनी हळहळ व्यक्त करण्याऐवजी स्वतःला आलेल्या नामंजुरीच्या पत्रांच्या हकिकती लिहिल्या. काहींनी तर उघड आनंद व्यक्त केला. तो आनंद घृणास्पद होता, आणि त्या हकिकती मात्र पुष्कळशा खऱ्या होत्या. या खुनाचा कोणत्या आज्ञावलीशी संबंध होता असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या यंत्राला जाब विचारता येत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांविषयी किती राग साठला होता, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

नियम थोडे बदलले आहेत. मेडिकेअरच्या अधिकाऱ्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत कंपन्यांना कळवले की, संगणकाची मदत घ्यायला हरकत नाही; परंतु निर्णय त्या एका रुग्णाच्या परिस्थितीवरून घेतला पाहिजे, केवळ मोठ्या नोंदसंग्रहावरून नव्हे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झाला की, उपचार आवश्यक नाहीत असा निर्णय पात्र वैद्यकीय व्यक्तीनेच द्यावा. आपल्या देशात विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली आज्ञा काढली की, रोखरहित उपचारांच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि कोणताही दावा आढावा समितीच्या मान्यतेवाचून नाकारू नये. यातील पहिली अट रुग्णाच्या सोयीची आहे यात शंका नाही. मात्र एक तासाची घाई आणि हजारो अर्ज एकत्र आले म्हणजे यंत्राकडे धाव घेण्याचा मोह होणारच. तेव्हा दुसरी अट कागदावर राहते की पाळली जाते, याकडे आपले लक्ष असले पाहिजे.

छाननी मुळातच नको, असे म्हणणेही बरोबर नाही. जुनाट जखमांवर लावल्या जाणाऱ्या कृत्रिम त्वचेवर मेडिकेअरचा खर्च २०१९ साली सुमारे २५ कोटी डॉलर होता. २०२४ साली तो १००० कोटींच्या वर गेला. जखमा काही पाच वर्षांत चाळीसपट होत नाहीत. अशा ठिकाणी कोणीतरी हात धरलाच पाहिजे. त्यासाठी सरकारने जून २०२५ मध्ये एक नवी योजना जाहीर केली. ज्या जुन्या, सरकारी मेडिकेअरमध्ये पूर्वपरवानगीची कटकट फारशी नव्हती, तिच्यातही कृत्रिम त्वचा, गुडघ्यातील काही शस्त्रक्रिया अशा मोजक्या उपचारांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने छाननी करायची, असा हा सहा वर्षांचा प्रयोग आहे. १ जानेवारी २०२६ ही आरंभाची तारीख ठरवून न्यू जर्सी, ओहायो, ओक्लाहोमा, टेक्सस, अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन ही सहा राज्ये त्यासाठी निवडण्यात आली. नामंजुरीवर शेवटचा शब्द पात्र वैद्यकीय व्यक्तीचा असेल, असे योजनेत म्हटले आहे. छाननी करणाऱ्या कंपन्यांना मोबदला कसा मिळणार, तेही तीत लिहिले आहे: जो खर्च टळेल, त्यातला हिस्सा.